झेड ८, आर ५ मार्क २ की ए १ मार्क २? पक्ष्यांसाठी हातात बसणारी कॅमेरा बॉडी सुचवा

माळरान
नमस्कार मंडळी,
माझ्याकडे निकॉन डी ५०० हा डीएसएलआर आणि २००-५०० एफ/५.६ लेन्स आहे. हिवाळ्यात भिगवण आणि कडबनवाडी, पावसाळ्याआधी सिंहगडाची दरी, जमलं तर उन्हाळ्यात ताडोबा, असा माझा फेरा असतो. कॅमेऱ्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या गटातले निम्मे लोक मिररलेसवर (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर) गेलेत आणि नदी सुरय पाण्यात सूर मारतानाचे त्यांचे फोटो पाहिले की फरक डोळ्यांत भरतो. आता बदलायचं तर एकदाच, मग बरीच वर्षं तो विषय नको.

तीन नावांवर आलोय. निकॉन झेड ८ (२०२३), कॅनन आर ५ मार्क २ (२०२४) आणि सोनी ए १ मार्क २ (२०२४). तिघांचेही सेन्सर स्टॅक्ड, म्हणजे चित्र भराभर वाचणारे. निकॉन आणि कॅनन ४५ मेगापिक्सेलचे, सोनी ५० चा. कागदावर एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी स्थिती आहे. म्हणून कागदावरचं नको. दोन-तीन तास होडीत बसल्यावर हाताचं काय होतं, पक्षी अचानक उडाला की बोट कुठे जातं, हे वापरणाऱ्यांनी सांगावं. वय पन्नाशीपुढे, चष्मा आहे, खांदा अधूनमधून दुखतो.

कवड्या
लेन्स निकॉनची आहे, मग प्रश्नच कुठे येतो? झेड ८ घ्या, जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारा एफटीझेड २ अडॅप्टर लावा, २००-५०० चालू ठेवा. फोकस व्यवस्थित चालतो, मी तेच करतोय. बॉडीत डीएक्स मोड (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणारा) लावलात तरी १९ मेगापिक्सेल मिळतात, म्हणजे जवळपास डी ५०० एवढेच. लेन्स पुढच्या वर्षी बदला.

भोवत्या
कवड्या म्हणतात ते खिशाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण माळरान यांनी विचारलंय ते वेगळं आहे, आणि माझ्या मते नेमकं तेच विचारायला हवं. तिन्ही कॅमेरे पक्ष्याचा डोळा पकडतात. मोकळ्या आभाळात पकडतात, पाण्यावरही पकडतात. त्यामुळे निवड तिथे होत नाही. ती होते बसलेला पक्षी उडतो त्या अर्ध्या सेकंदात.

भिगवणचंच घ्या. होडी खुंटापासून वीस-पंचवीस फुटांवर थांबलीय, खुंटावर कवड्या खंड्या बसलाय. उजेड अजून कोवळा आहे, म्हणून शटर १/६४० वर, फोकसचा चौकोन लहान, कारण मागे गवत आहे. खंड्या उठतो, पाण्यावर एका जागी पंख मारत तरंगतो. आता १/३२०० पाहिजे आणि चौकोन मोठा पाहिजे. सूर मारायला तो तुमची वाट बघत नाही. डोळा व्ह्यूफाइंडरमधून न काढता, एका बोटाने, हा बदल झाला पाहिजे. तिघांतही त्याची सोय आहे, पण तिघांची रीत वेगळी.

सोनीत कस्टम शूट सेट नोंदवून ठेवायचा. शटर, आयएसओ, फोकसचा भाग, ड्राइव्ह (सेकंदाला किती फोटो), सगळं त्यात बसतं. तो एएफ-ऑनवर, म्हणजे अंगठ्याच्या फोकस बटणावर, लावायचा आणि त्यातच फोकसही चालू ठेवायचा. बटण दाबून धरलं की उडण्याची सेटिंग, सोडलं की बसण्याची. शिवाय वरच्या डायलवर १, २, ३ हे साठवलेले मोड आहेतच. तिघांत मला हे सर्वांत सरळ वाटतं. अंगठा आधीच तिथे असतो, वेगळं काही करावं लागत नाही.

कॅननमध्ये अंगठ्याखाली तीन बटणं ओळीने येतात. एएफ-ऑन, तारा आणि फोकस पॉइंटचं. एकावर लहान चौकोन, दुसऱ्यावर मोठा, तिसऱ्यावर नोंदवलेली पूर्ण सेटिंग. सी १ ते सी ३ हे कस्टम मोडसुद्धा आहेत. अंगठा अर्धा इंच सरकवायचा, एवढंच. कॅननवरून कॅननवर येणाऱ्याला शिकायला काहीच लागत नाही.

निकॉनमध्ये मी हे काम पुढच्या बाजूच्या एफएन १ वर ठेवलंय, माउंट आणि ग्रिप यांच्या मधे ते बटण आहे. 'रिकॉल शूटिंग फंक्शन्स' असं त्याचं नाव. दाबून धरायचं असेल तर तसं, किंवा एकदा दाबून चालू आणि पुन्हा दाबून बंद. मधल्या बोटाने दाबायचं, अंगठा एएफ-ऑनवरच राहतो. माझ्या हाताला हे दोन बोटांचं काम बरं पडतं. पण झेड ८ ला सी १, सी २ असे कस्टम मोड नाहीत. त्याऐवजी मेनू बँका आहेत. एवढ्या वरच्या दर्जाच्या बॉडीत हे असायलाच हवं होतं. बँकेत काय साठतं, काय साठत नाही, याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो आणि पहाटे डोकं तेवढं चालत नाही.

माझ्याकडे झेड ८ आहे. भावाकडे ए १ मार्क २. आर ५ मार्क २ भाड्याने घेऊन नीट वापरलाय.

सुगरण_सातारा
भोवत्यादादा, बटणांचं पटलं. पण त्याआधी वजन. माझे हात लहान आहेत आणि मी ट्रायपॉड वापरत नाही, सगळं हातात धरून.

बॅटरी आणि कार्डासकट झेड ८ चं वजन ९१० ग्रॅम, आर ५ मार्क २ चं ७४६, ए १ मार्क २ चं ७४३. एवढ्यावरून वाटतं फरक दीडशे ग्रॅमचा आहे. पण बॉडी एकटी कोणी धरत नाही. निकॉनची १८०-६०० आणि सोनीची २००-६०० या दोन्ही लेन्स कॉलर (ट्रायपॉडला जोडायची कडी) काढूनही दोन किलोंच्या आसपास जातात. कॅननची १००-५०० कॉलरशिवाय १३७० ग्रॅम. म्हणजे कॅननचा पूर्ण संच दोन किलो शंभरच्या आसपास आणि बाकी दोघांचे पावणेतीन-तीनच्या मधे. जवळजवळ पाऊण किलोचा फरक. स्वर्गीय नर्तकाची वाट बघत दरीत उभं राहिलं की हा पाऊण किलो मनगटाला कळतो.

बदल्यात सोडावं लागतं ते पण सांगते. टोकाला ५०० आणि एफ/७.१ (आकडा मोठा म्हणजे उजेड कमी), बाकीच्यांकडे ६०० आणि एफ/६.३. झाडीत संध्याकाळी आयएसओ वर चढतो. आणि ही लेन्स झूम करताना लांब होते, तोल पुढे जातो. १८०-६०० आणि २००-६०० आतल्या आत झूम होतात, डावा हात जिथे आहे तिथेच राहतो. हा त्यांचा मोठा गुण आहे. तरीही मी कॅननच घेतला आणि सुखी आहे.

माळरान
ताई, खांद्याचा विचार करता तुमचं म्हणणं थेट पोचलं. चष्म्याचं काय? आर ५ मार्क २ मध्ये नजरेने फोकसची जागा निवडता येते म्हणतात. वापरलंय का कोणी?

सुगरण_सातारा
मी चष्मा लावत नाही, मला छान चालतं. थव्यातला नेमका कुठला पक्षी हवा हे सांगायला जॉयस्टिकपेक्षा लवकर होतं. बघायचं, बटण दाबायचं, फोकस तिथे. मात्र कॅलिब्रेशन एकदा करून भागत नाही, ऊन-सावली-आडवा-उभा असं वेगवेगळं करावं लागतं.

करडा_धोबी
मी चष्मेवाला. माझ्या बाबतीत नजरेचा फोकस दहा वेळा बरोबर आणि मग ऐन वेळी भलतीकडे. प्रोग्रेसिव्ह काच असेल तर जास्तच. मी ते बंद केलं आणि जॉयस्टिकवर आलो. कॅननने ही कल्पना पहिल्यांदा १९९२ च्या फिल्मच्या ईओएस ५ मध्ये आणली होती, मिररलेसमध्ये आर ३ पासून परत आणली. ज्यांच्या डोळ्याला जमते त्यांच्यासाठी ती खरोखर अमूल्य आहे. पण फक्त त्यासाठी बॉडी निवडू नका. दुकानात जाऊन स्वतःच्या चष्म्यासकट कॅलिब्रेट करून बघा. पाच मिनिटांत कळतं.

चष्मेवाल्याने त्यापेक्षा व्ह्यूफाइंडर बघावा. सोनीचा ९.४४ दशलक्ष डॉटचा, मोठा. कॅननचा ५.७६. निकॉनचा ३.६९. निकॉनचा आकडा सर्वांत लहान, पण हलता पक्षी बघताना तो अडखळत नाही आणि उन्हात स्पष्ट दिसतो. सोनीत मात्र पिसं दिसतात, हे मान्य करायलाच हवं.

नीलपंख७७
ए १ मार्क २ वापरतो. सोनीच्या बाजूने कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो.

भोवत्या यांनी खंड्या सांगितला, मी त्याच खंड्याची पुढची गोष्ट सांगतो. तो उठल्यावर बटण दाबण्यापेक्षा, उठायच्या आधीचे फोटो कॅमेऱ्याने घेऊनच ठेवले तर? प्री-कॅप्चर. अर्धं बटण दाबून थांबायचं, कॅमेरा आतल्या आत फोटो घेत राहतो आणि टाकत राहतो. पूर्ण दाबलं की मागचे फोटोही कार्डावर उतरतात. सोनीत एक सेकंदापर्यंत मागे जाता येतं, सेकंदाला ३० फोटो आणि तेही रॉ (प्रक्रिया न केलेल्या फाइल) मध्ये. कॅननमध्येही रॉ मिळते, पण मागचा अर्धा सेकंद, म्हणजे १५ फोटो. झेड ८ मध्ये एक सेकंद मिळतो पण फक्त जेपेग.

हा फरक मला फार मोठा वाटतो. कोवळ्या उन्हात पांढरा पक्षी, गडद पाणी. जेपेगमध्ये पांढरं उडालं तर परत येत नाही. माणसाची प्रतिक्रिया यायलाच पाव सेकंद जातो, म्हणजे उड्डाणाचा पहिला क्षण तुम्ही प्री-कॅप्चरशिवाय पकडूच शकत नाही. आणि तोच क्षण सर्वांत देखणा असतो, पाय अजून खुंटाला टेकलेले आणि पंख पूर्ण उघडलेले.

पहिल्या ए १ पेक्षा याची ग्रिप बरीच खोल आहे, करंगळीला जागा मिळते. मागचा स्क्रीन आता वर-खाली आणि बाजूलाही फिरतो. समोर सी ५ बटण आलंय, ग्रिपजवळ, म्हणजे भोवत्या निकॉनवर करतात ते मधल्या बोटाचं काम इथेही होतं.

भोवत्या
नीलपंख, मान्य. प्री-कॅप्चरची रॉ हवी तर निकॉन मागे आहे, त्यात दुमत नाही. मी तिथे एक्स्पोजर जरा खाली ठेवून जेपेग घेतो, पण तो नाइलाज आहे.

उत्तरेचा_वारा
मिनेसोटातून लिहितोय. आमच्याकडे जानेवारीत सॅक्स-झिम बॉग या दलदलीत ग्रेट ग्रे आउल (मोठं करडं घुबड) बघायला जातो, पारा उणे वीस-पंचवीस असतो. तिथे हातमोज्यांनी कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते.

सोनीत ग्रिप आणि लेन्सचा डबा यांच्यामधली फट अरुंद आहे. मोठी लेन्स लावली की जाड मोज्यातली बोटं तिथे अडकतात. झेड ८ मध्ये बोटं सुटी राहतात, बटणं मोज्यातूनही कळतात. कॅनन मधे कुठेतरी. पण थंडीत झेड ८ ची बॅटरी भराभर उतरते, एरवीच ती या तिघांत अधाशी आहे. कंपनी व्ह्यूफाइंडरवर ३३० फोटो सांगते. बर्स्टमध्ये (सलग फोटो काढताना) त्याच्या कितीतरी पट निघतात, तरी खिशात अंगाच्या उबेला दोन जादा ठेवतोच.

महाराष्ट्रात मोजे लागत नाहीत हे कळतं. पण ज्यांचे हात मोठे आहेत त्यांनी ही फट नक्की बघा, उन्हाळ्यातही घाम आलेली बोटं घासतात.

तिसरी_घंटा
पक्ष्यांच्या धाग्यात नाटकवाला घुसतोय, माफी असावी. पण या बॉडींनी आमचं काम बदललंय म्हणून सांगावंसं वाटतं.

डीएसएलआरच्या काळात नाट्यगृहात खट्-खट् ऐकून तिसऱ्या रांगेतले काका मागे वळून बघायचे. नटाच्या शांत जागेला फोटो घ्यायचा नाही, हा आमचा अलिखित नियम होता, म्हणजे सर्वांत चांगले चेहरे आम्ही सोडून द्यायचो. झेड ८ ला यांत्रिक शटरच नाही. आवाज बंद केला की काही ऐकू येत नाही. स्टॅक्ड सेन्सर भराभर वाचला जातो, त्यामुळे हात हलला तरी वाकडा येत नाही. मेहफिलीतही तेच, तबल्यावरची बोटं सरळ येतात.

अडचण एकच, एलईडी दिवे. काही वेगांना फोटोत आडवे पट्टे येतात. तिन्ही बॉडींत शटरचा वेग बारीक-बारीक बदलून पट्टे घालवायची सोय आहे. प्रयोगाआधी दिवे लागल्यावर दोन मिनिटं देऊन तो आकडा शोधायचा आणि नोंदवून ठेवायचा. आणि फोकसचा मदतनीस दिवा बंद करायला विसरू नका, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनसकट. अंधारात तेवढाही उजेड रंगमंचावरून दिसतो.

झेड ८ ची बटणं उजळतात. पॉवरची कडी ऑनच्या पुढे ढकलली की झालं. बाकी दोघांत हे नाही. अंधारात मला याचा फार उपयोग होतो, पहाटे जिप्सीत बसणाऱ्यांनाही होत असेल.

कवड्या
होतो की! ताडोबाच्या गेटवर पहाटे थंडीत कुडकुडत सेटिंग लावताना मोबाइलचा टॉर्च काढावा लागत नाही.

ताडोबाचं निघालंच आहे तर धूळ. एप्रिल-मे मधे पुढच्या जिप्सीची धूळ अशी उठते की वाघापेक्षा ती जास्त दिसते. बॉडी बंद केली की तिघांतही सेन्सरसमोर पडदा येतो, निकॉनमध्ये त्यासाठी वेगळी पाती आहे. पण तो पडदा नाजूक असतो, त्याला बोट किंवा फुंकर लावायची नाही. आणि धुळीत लेन्स बदलायचीच नाही. लांब-आखूड होणारी लेन्स दांड्यावर धूळ घेऊन आत जाते, ताईंनी १००-५०० ची नळी जिप्सीत ब्रशने झटकत राहावी.

कॅननचा मागचा स्क्रीन बाजूला उघडून फिरतो. होडीत पाण्यालगत कॅमेरा धरायचा तर मला तो आवडत नाही, लेन्सच्या रेषेतून नजर सरकते. निकॉन, सोनीचा जागच्या जागी वर उचलला जातो. उभ्या फोटोला मात्र कॅननचा बरा.

करडा_धोबी
पैशांचं कोणी बोललं नाही. बाजारात आले तेव्हा झेड ८ साडेतीन लाखांच्या आत, आर ५ मार्क २ सव्वाचारच्या आसपास आणि ए १ मार्क २ सहाच्या घरात होता. झेड ८ आणि ए १ मार्क २ मधल्या फरकात १८०-६०० येऊन वर पैसे उरतात.

कार्डांचंही धरा. निकॉन आणि कॅननला सीएफएक्सप्रेस टाइप बी लागतं, सोनीला टाइप ए. टाइप ए लहान आहे आणि त्याच खाचेत एसडीही बसतं, पण तेवढ्याच जागेला पैसे जास्त पडतात. सेकंदाला तीस फोटो काढणारा माणूस कार्डावर काटकसर करू शकत नाही.

लेन्सच्या बाबतीत पुढचा विचार करा. निकॉनची ६०० एफ/६.३ पीएफ (हलक्या बांधणीची लेन्स) कॉलरशिवाय १४०० ग्रॅमच्या आत आहे, बॉडीपेक्षा महाग आहे, पण खांदेदुखीवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. सोनीला बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स भरपूर, पण त्या लावल्या की वेग सेकंदाला १५ वर येतो. कॅननच्या फुल-फ्रेम मिररलेसला बाहेरच्या ऑटोफोकस लेन्स फारशा मिळत नाहीत, बहुतेक कॅननचंच घ्यावं लागतं.

नीलपंख७७
१५ चा मुद्दा खरा आहे. पण २००-६०० सोनीचीच असल्याने मला तो कधी आडवा आला नाही.

माळरान
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं तपशीलवार कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

मधल्या काळात तिन्ही भाड्याने घेऊन बघितले, माझ्याच चष्म्यासकट. नजरेचा फोकस माझ्याही प्रोग्रेसिव्ह काचेला दाद देत नाही. सोनीचा व्ह्यूफाइंडर बघून परत ठेवताना जड गेलं, पण त्या पैशांत लेन्स हवीय. कॅनन आणि १००-५०० खांद्याला सर्वांत सुखाची वाटली, सुगरणताई म्हणतात ते शंभर टक्के खरं. पण माळरानावर भोवत्या पक्षी लांबूनच जातात, तिथे ६०० पाहिजेच.

झेड ८ आणि आत्ता २००-५०० च, एफटीझेडवर. ६०० पीएफसाठी पैसे साठवतोय. डी ५०० च्या सवयीने हात आपोआप डाव्या खांद्यावरच्या बटणांकडे गेला आणि ती तिथेच होती, त्याने निम्मं काम केलं.

भोवत्या, एफएन १ वर नेमकं काय-काय नोंदवलंय ते लिहाल का? पुढच्या रविवारी कुंभारगावला होडी ठरवलीय.

भोवत्या
अभिनंदन! घ्या लिहून.

मुख्य सेटिंग बसलेल्या पक्ष्याची: मॅन्युअल मोड, शटर १/६४०, लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ ऑटो. फोकसला वाइड-एरिया सी १ (हा फोकसच्या भागाचा प्रकार, कस्टम मोड नव्हे), लहान आडवा चौकोन स्वतः आखून. सब्जेक्ट डिटेक्शन पक्ष्यांवर. फर्मवेअर २.०० च्या आधीचं असेल तर पक्ष्यांचा वेगळा पर्याय दिसणार नाही, आधी अपडेट करा.

एफएन १ वर रिकॉल शूटिंग फंक्शन्स, दाबून धरण्याचा प्रकार. त्यात फक्त तीन गोष्टींवर खूण करा. शटर १/३२००, फोकसचा भाग ऑटो-एरिया, आणि आयएसओ ऑटोच. बाकी खुणा काढून टाका, नाहीतर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनही बदलून बसतं आणि लक्षात येत नाही.

एफएन २ वर थ्री-डी ट्रॅकिंग आणि एएफ-ऑन एकत्र. थव्यातला एकच पक्षी धरून ठेवायचा असेल तेव्हा.

२००-५०० चा व्हीआर (हादरे कमी करणारी सोय) स्पोर्टवर ठेवा, होडी हलते. आणि रविवारी होडीवाल्याला आधीच सांगा की उजेड पाठीवर घेऊन होडी लाव. त्यांना खुंट माहीत असतात, कुठल्या खुंटावर सकाळी खंड्या येतो तेही ते सांगतील.

माळरान
उतरवून घेतलं. एफएन १ दाबून धरलेलं असताना फोकससाठी एएफ-ऑन वेगळं दाबायचं ना? की शटरच्या अर्ध्या दाबावर?

भोवत्या
एएफ-ऑन वेगळं. शटरच्या अर्ध्या दाबावरचा फोकस मी मेनूतून काढून टाकलाय. अंगठा फोकसला, मधलं बोट सेटिंगला, तर्जनी शटरला. घरी गॅलरीतल्या चिमण्या-साळुंक्यांवर हात बसवा, मग रविवारी जा.